तयारी नव्हती ती कोणाची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचा लेख वाचला. लिंकनचा भाग मस्त जमलाय, त्याबद्दल लेखकाचं कौतुकच, पण शेवटच्या दोन परिच्छेदांवर माझा आक्षेप आहे. १८६५ ला युद्ध संपलं, गुलामी गेली, आणि पुढची बारा वर्षं दक्षिणेची घडी नव्याने बसवायचा जो प्रयत्न झाला तो फसला कारण काय तर म्हणे सुटलेले गुलाम स्वातंत्र्यासाठी तयारच नव्हते, शिक्षण नाही, सवय नाही, एकदम मताचा हक्क हातात दिला मग दुसरं काय होणार. हा सूर खूप जुना आहे, अमेरिकेतच शाळेच्या पुस्तकांत कित्येक वर्षं हेच शिकवायचे, तिथल्या इतिहासकारांनी तो कधीच मोडीत काढलाय, मराठीत मात्र अजून चालूच.

तयारीचंच बोलायचं ना, मग १२ जानेवारी १८६५ ची गोष्ट घ्या. युद्ध अजून संपलेलं नाही. जॉर्जियातल्या सवाना शहरात उत्तरेचे जनरल शेरमन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी २० कृष्णवर्णीय पाद्री आणि चर्चची पुढारी मंडळी बोलावली आणि विचारलं, तुम्हाला पुढे काय पाहिजे? सगळ्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. वय ६७, जवळजवळ सगळं आयुष्य गुलामीत गेलेलं, युद्धाच्या आधी सोन्याचांदीत १००० डॉलर मोजून स्वतःला आणि बायकोला सोडवून घेतलेला माणूस. त्यांनी भीक मागितली नाही की भाषण केलं नाही, म्हणाले जमीन द्या, आम्ही ती कसू आणि आमचं आम्ही बघून घेऊ. चार दिवसांत शेरमनचा हुकूम निघाला, किनाऱ्यालगतची पळून गेलेल्या मळेवाल्यांची जमीन प्रत्येक कुटुंबाला ४० एकरपर्यंत द्यायची, आणि उन्हाळ्यापर्यंत साधारण ४०,००० लोक तिथे वसले, शेती सुरू झाली. याला तयारी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मग लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी बंडखोर मळेवाल्यांना धडाधड माफ्या वाटल्या, नुसती माफी नाही तर जमिनीसकट. ऑक्टोबर १८६५ मध्ये जनरल हॉवर्ड साउथ कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावर गेले, म्हणजे सुटलेल्या गुलामांच्या मदतीसाठी काढलेल्या सरकारी खात्याचे प्रमुखच, आणि चर्चमध्ये जमलेल्या लोकांना त्यांना सांगावं लागलं की जमीन जुन्या मालकांना परत जाणार, तुम्ही त्यांना माफ करा आणि त्यांच्याकडेच मजुरीला लागा. त्यावर तिथल्या लोकांनी हॉवर्डना जे पत्र लिहिलं ते लेखकाने मिळवून वाचावंच. त्याचा मतलब असा की साहेब, युद्धात तुमचा एक हात गेला, तुम्ही कदाचित माफ करू शकाल, पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून फोडून काढलं, आणि आता जो म्हणतोय की त्याच्या अटींवर राबलो नाही तर मला रिकामी झोपडीसुद्धा मिळणार नाही, त्याला मी कसा माफ करू. (हॉवर्डचा उजवा हात १८६२ च्या लढाईत गेला होता.) हे लिहिणारे लोक आदल्या वर्षापर्यंत कोणाची तरी मालमत्ता होते बरं का.

इथे एक हिशोब सांगतो जो लेखात नाही. १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामी बंद केली तेव्हा सरकारने भरपाई दिली होती, एका माणसामागे ३०० डॉलरपर्यंत. कोणाला? मालकांना. गुलामांसाठी फक्त एवढंच की देश सोडून जायला तयार असाल तर १०० डॉलरपर्यंत देऊ. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्याला काही नाही आणि राबवून घेणाऱ्याला नुकसानभरपाई, आणि वर तयारी कोणाची कमी पडली तर राबणाऱ्याची!

दक्षिणेतल्या गोऱ्या विधानसभांनी काय केलं तर १८६५ च्या शेवटीच नवे कायदे आणले. मिसिसिपीत दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवायचा, नाही दाखवला तर भटक्या म्हणून दंड, दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. तेराव्या घटनादुरुस्तीत गुलामी बंद आहे पण गुन्ह्याची शिक्षा सोडून, ती फट यांनी बरोबर हेरली. पुढे कैदी भाड्याने द्यायचा जो धंदा सुरू झाला तो अलाबामात थेट १९२८ पर्यंत चालू होता.

हे सगळं बघून काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, चिडली, १८६७ मध्ये दहा राज्यं लष्करी देखरेखीखाली घेतली आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क दिला. आणि मग बघा, हे 'तयार नसलेले' लोक मतदानाला रांगा लावतात, साउथ कॅरोलिनाच्या कनिष्ठ सभागृहात बहुमतात येतात, तिथली १८६८ ची नवी घटना सगळ्या मुलांसाठी सरकारी शाळेची तरतूद करते, गोऱ्या गरिबांच्या मुलांसाठीसुद्धा. १८७० मध्ये हायरम रेव्हेल्स हे कृष्णवर्णीय नेते मिसिसिपीतून सिनेटवर गेले. रॉबर्ट स्मॉल्स तर गुलाम असतानाच १८६२ मध्ये चार्ल्स्टन बंदरातून दक्षिणेच्या बंडखोरांचं जहाज बायकापोरांसकट पळवून थेट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली करणारे, नंतर ज्या घरात जुना मालक राहायचा ते घर विकत घेतलं आणि काँग्रेसमध्ये निवडून गेले. या माणसावर पुरवणीचं अख्खं पान खर्च केलं तरी कमीच आहे.

भ्रष्टाचार झाला का? झाला, नाकारत नाही. पण त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये ट्वीड नावाचा राजकीय पुढारी आणि त्याची टोळी शहराची तिजोरी लुटत होती, सगळे गोरे, आणि त्यावरून गोऱ्या लोकांची मतदानाची लायकी नाही असं कोणी म्हटल्याचं मी तरी वाचलं नाही.

बँकेची गोष्ट तर संताप आणणारी आहे. सुटलेल्या गुलामांनी बचत करावी म्हणून मार्च १८६५ मध्ये काँग्रेसने फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेला सनद दिली. लोकांना वाटलं सरकारी बँक, प्रचारही तसाच केला, पण सरकारची हमी काही नव्हती. लोकांनी मजुरीचे पैसे, सैनिकांनी पगाराचे पैसे साठवले, आणि वॉशिंग्टनमधले कारभारी १८७० नंतर ते ओळखीपाळखीत कर्ज म्हणून वाटत सुटले. त्यात हेन्री कुक होते, ज्यांच्या भावाची मोठी कंपनी सप्टेंबर १८७३ मध्ये बुडाली आणि देशभर मंदी आली. बँक आतून पोखरून झाल्यावर मार्च १८७४ मध्ये फ्रेडरिक डग्लस या नावाजलेल्या कृष्णवर्णीय नेत्याला अध्यक्ष करून बसवलं, त्यांनी स्वतःचे १०,००० डॉलर घातले, तरी जूनअखेर बँक बंद. ६१,००० हून जास्त ठेवीदार आणि जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले, पुढे कित्येक वर्षांनी काहींना थोडाफार हिस्सा मिळाला, बाकीच्यांना तोही नाही.

आणि जिथे एवढं करूनही लोक हटले नाहीत तिथे बंदूक होतीच. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी कोर्टाची इमारत धरून बसलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या टोळीने हल्ला केला, कित्येकांना तर शरण आल्यावर मारलं. मेलेल्यांचा नक्की आकडा आजही नाही, साधारण ६० पासून १५० पर्यंत सांगतात. ९७ जणांवर आरोप ठेवले, दोषी ठरले तिघं, आणि १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेही सोडून दिले, कारण म्हणे समान हक्कांची चौदावी घटनादुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खासगी माणसांना नाही. पुढच्याच वर्षी निवडणुकीचा तिढा सोडवताना हेस राष्ट्राध्यक्ष झाले आणि लुइझियाना नि साउथ कॅरोलिनातल्या राजधानीच्या इमारतींपाशी संरक्षणाला उभं असलेलं केंद्राचं सैन्य छावणीत परत पाठवलं. खेळ खलास. लुइझियानात १८९६ मध्ये नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार १,३०,००० च्या वर होते, १९०४ मध्ये राहिले १,३४२. एवढे लोक आठ वर्षांत आपोआप 'नालायक' झाले का?

लेखाखाली 'पुढील रविवारी भाग २' असं छापलंय म्हणून हे सगळं घाईघाईने लिहून पाठवतोय, चुकभूल द्यावी घ्यावी. भाग २ मध्ये एडिस्टो, ती बँक आणि कोलफॅक्स यावं आणि 'तयार नव्हते' वालं वाक्य लेखकाने मागे घ्यावं एवढीच विनंती. जागा कमी पडली तर लिंकनच्या टोपीवरची चौकट काढली तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक