आधी कापड ओळख, मग पार्ट शोध

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हवा भरायच्या जुन्या बोटीचे फोटो मिळाले. दादा म्हणतो भंगारात दे, पण फोटोंवरून तरी मला तसं वाटत नाही. जोडांच्या पट्ट्या जागच्या जागी आहेत. गेलेत ते व्हॉल्व्ह आणि इंजिन लावायची मागची फळी, आणि तू नेमके त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे पार्ट शोधत बसला आहेस. ते सोड. बंद झालेल्या मॉडेलचा व्हॉल्व्ह कुठे सापडलाच तरी तोही तितकाच जुना, आतलं रबर कडक झालेलं. पार्टचं नाव शोधू नकोस, माप शोध.

त्याआधी कापड कोणतं ते ठरव. व्हॉल्व्ह काढून भोकातून टॉर्चने आत बघ. हायपॅलॉनची, म्हणजे कृत्रिम रबर चढवलेल्या कापडाची बोट बाहेरून मंद, खडूसारखी दिसते आणि आतला थर वेगळा, बहुतेक काळा निओप्रीनचा (तेही कृत्रिम रबरच) असतो. पीव्हीसी दोन्ही बाजूंनी साधारण सारखंच गुळगुळीत. तरी शंका राहिली तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात एमईके या सॉल्व्हंटमध्ये (मिथाइल इथाइल कीटोन) भिजवलेलं पांढरं फडकं घास. पृष्ठभाग चिकट झाला तर पीव्हीसी. नुसता रंग उतरला तर हायपॅलॉन. ड्युपॉन्टने हायपॅलॉन बनवणं २०१० मध्ये बंद केलं, त्यामुळे 'अस्सल हायपॅलॉन'च्या मागे लागू नकोस. दुसऱ्या कंपन्यांचं सीएसएम कापड घे, हायपॅलॉन हे सीएसएम रबराचंच ड्युपॉन्टने दिलेलं नाव, रसायन तेच आहे.

हायपॅलॉनला दोन भागांचा निओप्रीन गम, पीव्हीसीला दोन भागांचा पॉलियुरेथेन गम. अदलाबदल चालत नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन तर मुळीच नको. ते आज धरेल आणि उन्हात सोडेल. हार्डनर, म्हणजे गमचा दुसरा भाग, किती घालायचा ते डब्यावर असतं, साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. अंदाजाने ओतू नकोस, वजनकाट्यावर मोज. हार्डनरची बाटली उघडी राहिली की हवेतला ओलावा शोषून निकामी होते, म्हणून लहान बाटल्याच घे.

ठिगळ फाटलेल्या जागेच्या चारी बाजूंनी ५ सेंमी पुढे जाईल असं काप आणि कोपरे गोल कर. टोकदार कोपरा आधी उचलला जातो. चीर ५ सेंमीपेक्षा लांब असेल तर आतूनही ठिगळ लागेल. जागा पेन्सिलीने आखून कडेने मास्किंग टेप लाव. हायपॅलॉन ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घास, पण धागा दिसू लागला की थांब. पीव्हीसी खरवडू नकोस, एमईकेने पुसलंस की पुरे. हायपॅलॉन पुसायला टोल्युइन हे सॉल्व्हंट. मग दोन्ही बाजूंना गमचा पातळ हात दे, अर्धा ते एक तास वाळू दे, मग दुसरा. दुसरा हात बोटाच्या मागच्या बाजूने चाचपून बघ. किंचित ओढल्यासारखं वाटलं पण बोटाला लागलं नाही, की ठिगळ एका टोकाकडून टेकवत जा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. कडक रोलरने मधून बाहेर दाबत हवा काढ. त्यानंतर २४ तास हवा भरायची नाही, आणि पूर्ण दाब आठवडाभराने.

सगळ्यात जास्त जोड फसतात ते दमट हवेमुळे. टोल्युइन उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर डोळ्याला न दिसणारं दव धरतं आणि गम त्या पाण्यावर बसतो. हवेतला ओलावा ६० टक्क्यांच्या आत आणि तापमान २० ते २५ अंश असेल त्याच दिवशी काम कर. दुसरा शत्रू सिलिकॉन. जुन्या मालकाने ट्यूब (बोटीची हवा भरायची नळी) चमकवायला सिलिकॉनचा स्प्रे मारला असेल तर तिथे काहीही चिकटत नाही. आधी साबणाने, मग दोन-तीनदा स्वच्छ फडक्याने सॉल्व्हंट लावून पूस, आणि दर वेळी फडकं बदल. दारं-खिडक्या उघड्या, वाफेचा मास्क, हातमोजे, जवळ आग नाही. यात सवलत नाही.

आता व्हॉल्व्ह. टाकण्याआधी खोलून बघ. पुष्कळदा आतल्या रबरी पडद्याखाली वाळूचा कण अडकलेला असतो आणि तेवढ्यानेच हवा जाते. बदलायचाच असेल तर व्हर्निअरने भोकाचा व्यास, कडेच्या चकतीचा व्यास आणि आट्यांमधलं अंतर मोज. दोन भागांचा व्हॉल्व्ह असेल तर फिरवताना आतला भाग कापडावरूनच दुसऱ्या हाताने घट्ट धर. सुटला तर तो ट्यूबमध्ये पडतो आणि चाचपत भोकापर्यंत आणेस्तोवर जीव जातो. नव्याला मोठं भोक लागत असेल तर धारदार पंचाने काप, कात्रीने नको, कारण कडेला खाच राहिली की तिथूनच फाटतं. लहान लागत असेल तर जुन्यावर ठिगळ मारून त्यात नवं पाड.

मागची फळी विकत मिळणार नाही, पण ती नुसती मरीन प्लायवूडच आहे. धरून ठेवणारं रबर हीट गनने हळू गरम करत सोडव. फळी कितीही कुजलेली असली तरी टाकू नकोस, तोच तुझा फर्मा. जाडी मूळचीच ठेव. कडांना इपॉक्सीचे तीन हात दे, कारण पाणी कडेतूनच शिरतं. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भर आणि मग त्यात योग्य मापाची पाड.

शेवटी चाचणी. ट्यूबमधले हवेचे सगळे कप्पे थोडे थोडे भर, मग एकेक पूर्ण कर. एक गच्च आणि शेजारचा रिकामा असला की दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर ताण येतो. पडदा फुटका आहे का ते बघायला एकच कप्पा अर्ध्या दाबाने भर आणि शेजारचा फुगतो का पाहा. फुगला तर मात्र दादाचं म्हणणं खरं मानायला लागेल, ते काम ट्यूब कापल्याशिवाय होत नाही. सकाळी दाब कमी दिसला म्हणून लगेच गळती समजू नकोस. २४० मिलिबार दाबाने भरलेली ट्यूब ३० वरून २० अंशांवर आली की २०० च्या आसपास दाखवते. त्याच तापमानाला परत मोज. बाकी गळती साबणाच्या पाण्याने, व्हॉल्व्हपासून सुरुवात करून.

व्हॉल्व्हची तीन मापं आणि बोटीवरच्या पाटीचा फोटो पाठव. पाटीवर दाब आणि इंजिनची मर्यादा असते, ती ओलांडायची नाही. मापं आली की इकडे काय बसतं ते बघून कळवते.

दादा-वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या