कोकणकड्यापर्यंत नेणाऱ्या मामांना

पाचनईच्या मामांना सप्रेम नमस्कार,

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून पावसापाण्याचं विचारायला लागता. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते. वहिनींना वाचून दाखवायला सांगा, आणि मधे उठून जाऊ नका.

अण्णांना हरिश्चंद्रगडावरचा कोकणकडा बघायचा होता. नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली, निवृत्त झाले तेव्हा गुडघे कुरकुरायला लागले, आणि गड दर वर्षी पुढच्या वर्षावर जात राहिला. त्यांचा स्वभाव तुम्ही पाहिलाच. कुणी हात पुढे केला तर बाजूला सारतात. दम लागला तर सांगत नाहीत, नुसते गप्प होतात, आणि ते जास्त भीतीचं. तोलार खिंडीची लांब वाट नको, पाचनईकडून जाऊ, एवढंच आम्ही घरी ठरवलं होतं. ही वाट त्यातल्या त्यात सोपी खरी, पण पावसाळा अजून पुरता सरला नव्हता. दगडांवर शेवाळ होतं आणि ओढे भरून वाहत होते.

वाट रानात शिरली आणि पहिल्याच चढावर तुम्ही थांबलात. हिरड्याचं झाड दाखवलंत, उन्हाळ्यात बाळहिरडा कसा गोळा करतात ते सांगितलंत. थोडं वर गेल्यावर कारवी. तिच्या काठ्यांचा कुड करून वर शेणमातीनं लिंपलं की भिंत कशी उभी राहते, आणि सात-आठ वर्षांनी सगळं रान एकदम फुलून, बी टाकून कसं वाळून जातं, हे तुम्ही इतकं सावकाश सांगितलंत की पुढून येणारा स्पीकरवाला घोळका गाण्यासकट निघून गेला तरी तुमची कारवी संपली नव्हती. मग एका खेकड्याला वाट द्यायला थांबलो. मग तुमच्या बुटाची नाडी सुटली. कातळाच्या पोटाखालून जाते ती वाट आली, वरून पाण्याची धार पडत होती आणि आत जमीन कोरडी, तिथे तर तुम्ही बैठकच मारलीत. पुढे नाडी परत सुटली.

मला मनातून जरा घाई होती, खोटं कशाला बोलू. ढग भरून आले तर कड्यावरून काहीच दिसणार नाही, असं वाटत होतं. पण मंदिरापाशी पोहोचलो तेव्हा अण्णा बोलत होते. मंगळगंगेचं पाणी मुळेला मिळतं, मुळा प्रवरेला, प्रवरा गोदावरीला, म्हणजे हे पाणी थेट पूर्वेच्या समुद्राला जाणार आणि पलीकडे कड्यावरून पडेल ते कोकणात उतरणार, हा हिशेब ते तुम्हाला समजावत होते. तुम्हाला तो त्यांच्याआधीपासून ठाऊक असणार. तरी तुम्ही ‘असं होय’ म्हणालात.

कड्याजवळ मात्र तुमचा आवाज बदलला. ‘इथून म्होरं कुणी उभ्यानं जायचं नाय.’ फोटोसाठी पुढे सरकलेल्या एका मुलाला तुम्ही दंडाला धरून मागे आणलंत. तो आमच्यातला नव्हताही. मग एकेकाला पालथं झोपवून कडेपर्यंत सरकू दिलंत आणि मागून घोटा धरून बसलात. अण्णांची पाळी आली तेव्हा मी श्वास रोखून होते, कारण हे धरणं ते चालवून घेतील असं मला वाटेना. तुम्ही म्हणालात, ‘म्हातारे म्हणून नाय धरत. माझ्या पोराचाबी धरतो.’ ते काही न बोलता आडवे झाले.

खाली धुकं होतं, आणि ते फाटलं तेव्हा पहिल्यांदा कड्याचा आकार कळला. तो सरळ खाली जातच नाही, आत वळतो. आपण ज्या दगडावर पडलोय त्याच्या खाली पोकळी आहे हे पोटाला आधी समजतं. समोरच्या वळणात लाव्हाचे थर एकावर एक दिसत होते, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि पार तळाशी बेलपाड्याकडची भातखाचरं. कोकणातून येणारा वारा भिंतीवर आपटून उभा वर चढतो, तो तोंडावर आदळत होता. अण्णांनी वाळलेलं पान खाली सोडलं आणि ते त्यांच्या डोक्यावरून मागे गेलं. मग दुसरं सोडलं. तिसऱ्याच्या वेळी तुम्ही हसलात, पण घोटा सोडला नाहीत.

इंद्रवज्र काही दिसलं नाही. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या गडावर पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन १८३५ साली छापलं गेलं, ते मी अण्णांना आधी वाचून दाखवलं होतं, त्यामुळे त्यांची आशा मोठी. तुम्ही एकदा वर पाहून सांगितलंत, पाठीशी ऊन नाही तर समोरच्या ढगावर सावली पडायची कशी? त्यावर वाद संपला. खोटी आशा दाखवून आम्हाला तासभर ताटकळत ठेवलं नाहीत, याचेही आभार.

उतरताना मी तुमच्या मागेच होते, आणि तुमच्या बुटाची नाडी गावापर्यंत एकदाही सुटली नाही. तेव्हा माझी ट्यूब पेटली. अण्णा गप्प होण्याआधीच तुम्ही प्रत्येक वेळी थांबला होतात. ‘थांबा’ म्हणण्याची वेळ त्यांच्यावर तुम्ही येऊच दिली नाहीत. वाटेचा नकाशा हल्ली फोनवर मिळतो, चुकत नाही माणूस. पण चढणाऱ्याच्या पाठीकडे न बघता, नुसत्या श्वासाच्या आवाजावरून त्याला कधी बसवायचं हे ओळखणारा माणूस सोबत असणं वेगळं. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन कुणी गडावर जाणार असेल, तर गावातला वाटाड्या घ्या आणि वेग त्याला ठरवू द्या, एवढं मी भेटेल त्याला सांगते.

घरी आल्यावर ही नाडीची गोष्ट मी अण्णांना सांगितली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला नाही की काही नाही. म्हणाले, ‘पहिल्याच वेळी बघितलं मी. दुहेरी गाठ होती. अशी गाठ आपोआप सुटत नसते.’

म्हणजे दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होतात आणि मधे मी उगाच काळजी करत होते.

फोटो वहिनींच्या फोनवर पाठवलेत. अण्णा थंडीत परत यायचं म्हणतायत, आता गडावरचं तारामती शिखर चढायचंय. त्यांना नाही म्हणायचं असेल तर ते तुम्हीच म्हणा, माझं ऐकत नाहीत.

तुमची,
ताई