‘कमळ’ आणि ‘कमय’

फैजपूर, ता. यावल
श्रावणातला रविवार

प्रिय बाळ्या,

तुझं पुस्तकांचं खोकं पोचलं. पोरांना आवडली का, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा नुसतं ‘हो’ म्हटलं. खरं उत्तर लांबलचक आहे, म्हणून हे पत्र.

पहिल्याच दिवशी माझ्याकडून चूक झाली. दुसरीतल्या एका मुलीनं वाघाचं चित्र बघून एक जाड पुस्तक उचललं. मला कोण आनंद! म्हटलं, वाच मोठ्यानं. दोन ओळींत ती अडखळली, गप्प झाली, आणि पुढचे आठ दिवस पुस्तकं टांगलेल्या दोरीकडे फिरकलीच नाही. मागच्या बाजूला छापलेली पायरी मी पाहिली नव्हती. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनाच्या पुस्तकांना वाचनाच्या चार पायऱ्या असतात. पहिल्या पायरीत २५० च्या आत शब्द, तेही पुन्हा पुन्हा येणारे. दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत, चौथी त्यापुढची. ते पुस्तक चौथ्या पायरीचं होतं.

पण शब्द मोजून सगळं कळत नाही. आपली लिपीच बघ. ‘घर’, ‘बस’, ‘मगर’ पोरं पटकन वाचतात. कानाही सोपा, बोलतो त्याच क्रमानं येतो. पहिली वेलांटी मात्र डोळ्याला आधी दिसते आणि जिभेवर नंतर येते. रफार त्याहून उलटा: ‘सूर्य’मधला र म्हणायचा आधी, बसतो मात्र य च्या डोक्यावर. चांगल्या पहिल्या पुस्तकात एकच वाक्य पानोपानी येतं, त्यातला एकच शब्द बदलतो, आणि तो शब्द शेजारच्या चित्रात असतो. पोराला हात धरायला काहीतरी मिळतं. पुढे चित्र हात सोडतं. बाप रागावला असं लिहिलेलंच नसतं, त्यानं ताट सरकवलं एवढंच असतं. माझ्या मते सगळ्यात उंच पायरी ती. जोडाक्षरं घोटून येतात, हे घोटून येत नाही.

आता ‘कमळ’ घे. तीन अक्षरं, ना काना ना मात्रा, म्हणून सोप्यात सोपा शब्द. आमची पोरं वाचतात ‘कमय’. घरी केळीला केयी म्हणतात, डोळ्याला डोया. बहिणाबाईंच्या गाण्यातही भाकर ‘मियते’च. पूर्वी मी तिथल्या तिथे थांबवून सुधारायचो. आता थांबवत नाही. ‘केळी’ हा शब्द बघून जो ‘केयी’ म्हणतो, त्यानं अक्षर ओळखलं आणि अर्थही लावला, म्हणजे तो वाचतोच आहे. उलट ‘सरकता जिना’ अक्षरांनी सोपा, पण इथं कुणी पाहिलेला नाही. आणि ‘ट्रॅक्टर’ इतका जोडाक्षरांचा, तरी एका नजरेत वाचतात, कारण तो दारात उभा असतो. सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या पावरा आदिवासी पोरांना तर मराठीच परकी. त्यांच्यासाठी पहिलीच्याही खाली एक पायरी हवी, बिनशब्दांच्या, नुसत्या चित्रांच्या पुस्तकांची.

सध्या असं करतो. पोरानं मधलं एक पान उघडायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक मी वाचून दाखवायचं. परत दोरीवर टांगायचं नाही, हे महत्त्वाचं. कान डोळ्यांच्या कितीतरी पुढे असतात रे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी उतरवून घेतली. ऐकलेल्या बोलीवर ती बाई कुठवर गेली! ती वाघवाली मुलगी याच वाटेनं परत आली. आधी ऐकायला बसली, मग एक आठ पानांचं पुस्तक घेतलं आणि आठवडाभर तेच वाचलं. मी बदलून दिलं नाही.

जीव तुटतो तो पाचवीतल्या दोघा-तिघांसाठी. वाचन पहिल्या पायरीचं, पण सशाचं पुस्तक हातात घ्यायची लाज वाटते. लहान पोरांनी बघू नये म्हणून दप्तराआड धरून वाचतात. त्यांना मोटर दुरुस्तीचं, क्रिकेटचं, केळीचे घड भरणाऱ्या ट्रकचं काहीतरी हवं, मोठ्या अक्षरात, चार-चार शब्दांच्या वाक्यांत. मी फार शोधलं, मिळालं नाही. तुझ्या तिकडच्या दुकानांत बघशील का? नाही मिळालं तर पोळ्याला येशील तेव्हा कोऱ्या वह्या आण, जाड कागदाच्या. त्या पोरांनाच सांगायला लावू, आपण दोघं लिहून काढू. चित्रं तू काढ, तुझा हात चांगला आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना