कारंजं फोडायला निघालेल्या सेक्रेटरीचं पत्र

मिस्त्रीकाका, नमस्कार.

तुमचा नंबर लागत नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. घोडबंदर पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या गच्चीवर तुमचं काम चालू असेलच. कुणीतरी दाखवेल तुम्हाला.

या मे महिन्यात आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत तुम्ही गच्चीचा जुना कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, काढायला आला होतात. खाली बागेत ते सिमेंटचं तीन मजली कारंजं. बिल्डरने ब्रोशरमध्ये छापलेलं. ताबा मिळाला त्या वर्षी चाललं, मग पंप जळला आणि दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावरून दर वार्षिक सभेत भांडण. वरच्या हंसाची मान पोरांच्या चेंडूने गेली. तलावांचं शहर म्हणून आपण ठाणेकर मिरवतो. आमच्या वाट्याला आलं ते हे डबकं!

गेल्या पावसाळ्यात बी विंगमध्ये दोघांना डेंग्यू झाला, फवारणीवाले कुंडातल्या अळ्या दाखवून गेले, आणि मी ठरवलं, फोडायचं. तुम्हालाच विचारलं, किती घ्याल? तुम्ही काठावर बसलात, मधल्या पाइपात बोट घालून पाहिलंत. म्हणालात, "भोक आहेच की, मॅडम. ज्या वाटेनं पाणी वर जायचं, त्याच वाटेनं आता खाली येईल."

मला तेव्हा काहीच कळलं नाही, खरं सांगते. पाइप कापून काढल्यावर कळलं, फोडायचं नाही, कारंज्याचीच कुंडी करायची. वरच्या दोन्ही ताटांत त्या भोकावर कौलाचं खापर पालथं ठेवलंत, की माती अडते आणि पाणी झिरपतं. खालच्या कुंडाला छिन्नी लावू दिली नाहीत, तडा जाईल म्हणून. तळाशी बाजूने ड्रिलने चार भोकं, त्यात पाइपाचे तुकडे, तोंडं वाफ्याकडे. त्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून पंपाची वायर थेट बोर्डापासून काढायला लावलीत. इतकी वर्षं ती जिवंत होती, आणि पोरं तिथेच खेळत होती.

कुंडाच्या भिंती तारेच्या ब्रशने घासत बसलात, ते मला उगाच वाटलं होतं. नंतर वाचलं, डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या काठाशी भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणजे नुसतं पाणी उपसून भागलं नसतं.

भरायला गच्चीवरच्याच विटा! सिमेंट चिकटलेले तुकडे बाजूला काढून बाकीचे तळाशी, वर घराघरातून मागवलेल्या नारळाच्या शेंड्या, मग लाल माती आणि शेणखत. डेब्रिजचा एक टेम्पो तरी वाचला. मजुरी घेतलीत ती अर्ध्या दिवसाची. काम दीड दिवस चाललं होतं, मी रजिस्टरमध्ये पाहिलंय.

आता सगळ्यात वर उन्हात ऑफिस टाइम फुलतोय, मधे गवती चहा (सकाळी सहाला कोण पाती कापून नेतं, ते मला माहीत आहे), आणि खाली ओल राहते तिथे अळू. श्रावणात चार घरी वड्या झाल्या. ज्यांनी दुरुस्तीला पैसे द्यायला नकार दिला होता, तेच आधी पानं मागायला आले.

तुमची लहान थापी इथेच राहिलीय. वॉचमनच्या केबिनमध्ये, मीटरच्या पेटीवर ठेवली आहे. न्यायला याल तेव्हा आधी कळवा, वड्या लावून ठेवते.

तुमची,
सेक्रेटरी मॅडम