निकाल छापता, डावही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे गुकेशने चीनच्या डिंग लिरेनला हरवून बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळवले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येणाऱ्या दोन्ही मराठी वृत्तपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर छापली. गुकेशचे अठरा वर्षांचे वय, ७.५ विरुद्ध ६.५ हा निकाल, बक्षिसाची रक्कम, आईवडिलांनी सोसलेले कष्ट, सारे त्यात होते. नव्हता तो फक्त डाव. 'डिंगच्या घोडचुकीमुळे' एवढ्या दोन शब्दांत चौदाव्या आणि निर्णायक डावाची बोळवण झाली होती. ती चूक हत्तीची होती की उंटाची, याचाही उल्लेख नव्हता. क्रिकेटचा अंतिम सामना शेवटच्या षटकात फिरला, तर त्या षटकाचा एकेक चेंडू आपण छापता, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी दुपारी अडीच वाजल्यापासून मी घरातला जुना लाकडी पट मांडून बसलो होतो. तेरा डावांनंतर दोघांचे गुण समसमान होते. चौदावा डाव बरोबरीत सुटला असता, तर दुसऱ्या दिवशी जलद डाव खेळावे लागले असते, आणि त्या प्रकारात डिंगचे पारडे जड मानले जात होते. त्यामुळे पांढरी मोहरी असूनही डिंग मोहऱ्यांची मारामारी करत बरोबरीकडे सरकत होता आणि गुकेश डाव संपू देत नव्हता. अखेरीस दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि मोजकी प्यादी उरली. गुकेशचे एक प्यादे जास्त होते, पण तेवढ्यावर असा डाव जिंकता येत नाही, हे कोणताही मुरलेला खेळाडू सांगेल. तरीही गुकेश खेळत राहिला. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ२ या घरावर (अक्षर उभ्या पट्टीचे, आकडा आडव्या ओळीचा) आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. वरवर पाहता त्यात काहीच वावगे नव्हते. मात्र त्याचा उंट ए८ या कोपऱ्यातल्या घरात होता. हत्ती पटावरून गेल्याबरोबर गुकेशने आपला उंट डी५ वर त्याच्यासमोर उभा केला. आता उंटांची मारामारी टळत नव्हती, आणि उंट गेल्यावर उरलेल्या राजा-प्याद्यांच्या खेळात ते एक जास्तीचे प्यादे निर्णायक ठरत होते. तीन खेळ्यांनी डिंगने डाव सोडला. गुकेश रडला, आणि डोळे पुसत त्याने सगळी मोहरी पुन्हा आपापल्या घरांत मांडून ठेवली. रडणाऱ्या गुकेशचे छायाचित्र सर्वांनी छापले. तो का रडला हे समजायला एक आकृती आणि वर लिहिली तेवढी पाच-सहा वाक्ये पुरली असती.

अशी माहिती नसल्यामुळेच 'चुकीवर मिळालेले जगज्जेतेपद' असे शेरे मारणाऱ्यांचे फावते. त्यांना २०१४ साली सोची येथे मॅग्नस कार्लसन आणि विश्वनाथन आनंद यांच्यात झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीची आठवण करून द्यावीशी वाटते. सहाव्या डावात कार्लसनने सव्विसाव्या खेळीला राजा डी२ वर नेला. ती उघड चूक होती, कारण घोड्याने ई५ वरचे प्यादे मारून आनंदला दोन प्याद्यांचा फायदा करून घेता आला असता. आनंदने फार विचार न करता ए पट्टीतले प्यादे एक घर पुढे सरकवले. ती संधी हुकली, तो डावही गेला आणि पुढे लढतही गेली. आनंदसारख्याच्या नजरेतूनही जे निसटते, ते पंचावन्न खेळ्या झाल्यावर, जवळजवळ तीन आठवड्यांच्या ताणानंतर अचूक हेरणे याला मी तरी नशीब म्हणणार नाही.

हा नाद मला लागला तो वृत्तपत्रामुळेच, म्हणून आपल्याकडे तक्रार करण्याचा हक्क मी मानतो. सप्टेंबर १९८४ मध्ये मॉस्कोत कारपॉव्ह आणि कास्पारॉव्ह यांची लढत सुरू झाली, तेव्हा सहा डाव जिंकणारा जगज्जेता ठरणार होता. कारपॉव्ह ४-० असा पुढे गेला, त्यानंतर ओळीने सतरा डाव बरोबरीत सुटले, मग तो ५-० वर पोहोचला आणि तिथेच अडकला. अठ्ठेचाळीस डाव होऊनही निकाल न लागल्याने फेब्रुवारी १९८५ मध्ये लढत थांबवण्यात आली. आमच्याकडे खेळ्या उशिराच छापून येत. वडील चहा घेत त्या वाचून दाखवत आणि मी पटावर मोहरी हलवत असे. एकदा एका खेळीचा आकडा असा चुकला होता, की घोड्याला अडीच घरांत तिथे पोहोचणेच शक्य नव्हते. ती संध्याकाळ आम्ही खरी खेळी कोणती असावी हे शोधण्यात घालवली. पुढच्या चार खेळ्या जुळल्या तेव्हा कुठे जेवायला उठलो.

आता प्रत्येक खेळी त्याच क्षणी भ्रमणध्वनीवर दिसते, हे खरे. पण तिच्याशेजारी संगणकाच्या मूल्यमापनाची, कोणाचे पारडे जड ते दाखवणारी काळी-पांढरी पट्टीही असते. डिंगचा हत्ती एफ२ वर टेकताच ती पट्टी खाली कोसळली आणि पट न पाहताच हजारो लोक त्याला हसू लागले. संगणकाने सांगितलेली चूक आणि आपण डोके चालवून शोधलेली चूक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. छापील खेळ्यांना ही पट्टी नसते, हा माझ्या दृष्टीने त्यांचा मोठाच गुण आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तर आपल्या शेजारी गोव्यातच विश्वचषक स्पर्धा झाली. २०६ खेळाडू आले होते. तिसऱ्या फेरीत गुकेश हरला, उपांत्यपूर्व फेरीत अर्जुन एरिगैसी हरला आणि आमच्याकडच्या वृत्तपत्रांतून गोवाच नाहीसा झाला. उझबेकिस्तानच्या जवोखिर सिंदारोव्हने अंतिम फेरीत चीनच्या वेई यीला हरवले, ती बातमी मला आतल्या पानावर तळाशी चार ओळींत सापडली. त्याआधी जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे कोनेरू हंपीला नमवून महिलांचा विश्वचषक आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताब मिळवला. तेव्हा कौतुकाला पाने अपुरी पडली, मात्र तिचा एकही डाव छापला गेला नाही. शाळकरी मुलींनी दिव्याचे छायाचित्र कापून वहीत चिकटवले असेल, तिचा डाव मात्र त्यांना त्या वहीत उतरवून घेता आला नाही.

माझी मागणी मोठी नाही. गुकेशच्या पुढील लढतीत रोज एका डावाच्या सगळ्या खेळ्या आणि मोक्याच्या क्षणाची एक आकृती छापावी. साठ खेळ्यांचा डाव बारीक टाइपात दहा-बारा ओळींत बसतो, आणि राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा यांची आद्याक्षरे वापरली, तर तो कोणाही मराठी वाचकाला लावता येईल. टीका-टिप्पणी लिहिणारा जाणकार मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास नुसत्या खेळ्याही चालतील. एखादा आकडा चुकला, तर दुरुस्ती छापण्याची घाई करू नये. खरी खेळी आम्ही शोधून काढू.

आपला,
एक बुद्धिबळप्रेमी वाचक, सांगली