आता गाडी सपाटीवर उभी असते, काका

मेस्त्री काका,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात पैसे द्यायला आलो, तेव्हा आभार नीट मानायचे राहून गेले. तुमच्या हातात कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा डायनामो होता, बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि तुम्ही नुसतं ‘सावकाश जा’ म्हणालात. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आमच्यासारखी जुनी डिझेल पिकअप दारात असलेली माणसं आपल्या जुन्नर तालुक्यात घरोघरी आहेत. तुम्ही काय केलंत आणि कसं केलंत, ते त्यांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

आमची गाडी २००६ सालची. अण्णांनी कर्ज काढून घेतली होती. नारायणगावला टोमॅटो आणि कल्याणला भाजी, एवढ्यावरच आमचं घर चालतं. आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून चावी फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, एकदा घर्र करायचं, मग दम लागल्यासारखं थांबत थांबत फिरायचं. कधी गाडी उचलायची, म्हणजे चालू व्हायची, कधी नाही. मग अण्णा गाडी घरामागच्या उतारावरच लावायला लागले, चाकाखाली दगड. पाहुण्यांकडे गेलो तरी आधी उतार शोधायचा, मग घर. पहाटे चारला मी बायकोला आणि आईला धक्का मारायला उठवलंय, काका. आई ६२ वर्षांची आहे. ती कधी काही बोलली नाही, पण स्वेटर घालून काळोखात गाडीमागे उभी राहिलेली आई मला आरशात दिसायची आणि पोटात तुटायचं.

खर्च केला नव्हता असं नाही. जानेवारीत नवी बॅटरी टाकली. आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. मग सेल्फ खोलून आतले झिजणारे भाग, कार्बन आणि बुश, बदलले, तरी फरक नाही. शेवटी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझल-पंपाचं काम सांगितलं गेलं, १८ हजारांचं. अण्णा म्हणाले, विकून टाक. मीही मनातून तयार झालो होतो.

आणि मग ती आळेफाट्याची रात्र. हौद्यात ५० क्रेट, म्हणजे बरोबर एक टन टोमॅटो. पुढे माळशेज उतरून पहाटेच्या आत कल्याण गाठायचं. चहाला थांबलो आणि सवयीने इंजिन चालूच ठेवलं होतं, ते माझ्याच चुकीने बंद पडलं. सपाट जागा, भरलेली गाडी. चार जणांनी धक्का मारला, ती हलली पण उचलली नाही. तुम्ही शटर ओढत होतात. आमचा तमाशा बघून थांबलात आणि मला म्हणालात, “बाकीचं राहू दे, एकदा चावी मार. मला ऐकू दे.”

मी चावी मारली. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मग दोनच प्रश्न विचारलेत. हेडलाइट लावून सेल्फ मारल्यावर लाइट किती मंद होतो? आणि ॲक्सिलेटरची केबल कधी गरम लागली होती का?

दुसऱ्या प्रश्नाने मी चाट पडलो. कारण केबल खरंच दोनदा आखडली होती. एकदा तर वरचं प्लास्टिक वितळल्याचा वास आला होता आणि मी ती बदलूनही टाकली होती. सेल्फशी तिचा संबंध असेल असं ना माझ्या मनात आलं होतं, ना मला कुणी विचारलं होतं.

तुम्ही दुकानातून जाडजूड जंपरची एकच वायर आणलीत. मला वाटलं, दुसरी आणायला परत जाल आणि कुणाची तरी बॅटरी जोडाल. तुम्ही त्या वायरचं एक टोक माझ्याच बॅटरीच्या मायनसला लावलंत आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला. “मार आता.” अर्ध्या फेरीत गाडी उचलली. वर्षभरात असा आवाज ऐकला नव्हता. तुम्ही म्हणालात, ही वायर तशीच बांधून जा, फिरता बेल्ट आणि पंख्यापासून लांब ठेव, येताना आणून दे. ना नाव विचारलंत, ना पैसे. अनोळखी माणसाच्या हाती आपलं हत्यार देऊन तुम्ही शटर लावून घरी गेलात.

दुसऱ्या दिवशी परत आलो. तुम्ही लगेच बिघडलेला भाग बदलून मला वाटेला लावू शकला असतात. पण तुम्ही व्होल्ट मोजायचं मीटर माझ्या हातात दिलंत, आणि या पत्राचं खरं कारण तेच आहे.

आधी स्टॉपच्या सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या विजेच्या खटक्याची, वायर काढलीत, म्हणजे इंजिन फिरेल पण पेट घेणार नाही. मग म्हणालात, गाडी उभी असताना मोजलेलं खरं नसतं, सेल्फ ओढत असताना मोजायचं. बॅटरी नुसती उभी असताना १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण चार्ज. सेल्फ मारल्यावर १०.९. मी म्हटलं, बघा, उतरली. तुम्ही हसलात. खाली साधारण ९.६ पर्यंत चालतं, म्हणालात. ती १०.९ वर आरामात उभी आहे आणि सेल्फ रडतंय, म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे, माल वाटेत अडकलाय.

मग वाट मोजली. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसच्या खुंटावर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर, आणि चावी. ०.३ व्होल्ट, म्हणजे तेवढे वाटेतच जात होते. तुम्ही म्हणालात, अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, ही बाजू ठीक. मग एक सुई मायनसच्या खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या लोखंडावर. इथे ०.२-०.३ च्या आत हवं होतं. आकडा आला २.१. बॅटरीच्या मायनसपासून चेसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, मोजलं तर ०.१. उरलेले दोन व्होल्ट चेसी आणि इंजिन यांच्यामध्येच खाल्ले जात होते. सेल्फच्या पदरात जेमतेम साडेआठ पडत होते.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून चेसी आणि इंजिन जोडणारा तांब्याच्या विणलेल्या तारांचा पट्टा असतो. आमचा गिअरबॉक्सच्या खाली होता. बाहेरून काळा पण धडधाकट. तुम्ही तो सोडवून माझ्या तळहातावर ठेवलात आणि वाकवलात, तर आतून हिरव्या भुकटीसारखा चुरा पडला. चेसीच्या बाजूचं त्याचं टोक रंगावरच आवळलेलं होतं. तेव्हा मला आठवलं, गेल्या पासिंगच्या वेळी चेसीला काळा रंग मारून घेतला होता. पट्टा तेव्हा सोडला असणार आणि ओल्या-सुक्या रंगावर परत बसवला असणार. त्या दिवाळीच्या महिनाभर आधीची ती गोष्ट. म्हणजे आमचं दुखणं रंगाच्या एका हातापासून वाढलं होतं.

केबलचाही उलगडा तिथेच झाला. पट्ट्यातून वाट मिळेना, म्हणून वीज ॲक्सिलेटरच्या बारीक तारेतून इंजिनपर्यंत जायचा प्रयत्न करत होती, आणि ती बिचारी तापत होती.

मी विचारलं होतं, मग आधी मीटरने पट्टा तपासला तेव्हा तो ‘पीं’ करून, म्हणजे वीज जाते असं सांगून, चांगला का दाखवत होता? तुम्ही रिकाम्या ग्रीसच्या डब्यावर बसून सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. सेल्फ दोनशे अँपिअरच्या घरात ओढतं. एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा वाटेत आला, तरी दोन व्होल्ट जागच्या जागी जातात. आणि पीं करायला पट्ट्याची एकच तार शाबूत असली तरी पुरते. पाण्याच्या नळीत खडा अडकलेला असतो, थेंब येतो म्हणून आपण म्हणतो पाणी आहे, पण बादली भरत नाही. पाळीच्या पाण्यासाठी रात्र जागणाऱ्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून नवा पट्टा बसला, वर ग्रीस. पुन्हा मोजलं, इंजिनच्या बाजूला ०.१५. आणि बॅटरी आता सेल्फ मारताना १०.४ पर्यंत खाली येत होती. आधीपेक्षा कमी कशी? तुम्ही म्हणालात, आता सेल्फला पोटभर मिळतंय म्हणून ते जास्त ओढतंय. आकडा उतरला आणि गाडी सुधारली, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला पटलं नसतं. पट्ट्यासकट तुम्ही साडेतीनशे रुपये घेतलेत.

डिसेंबरातलंही लिहायला हवं. थंडी वाढली आणि पुन्हा सकाळी वीस-वीस सेकंद सेल्फ मारावं लागायला लागलं. मला वाटलं, पट्टा गेला. तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, फिरतंय कसं? म्हटलं, झपाट्याने. धूर? म्हटलं, पांढरा, भरपूर. “मग ते दुखणं नाही, हे दुसरं आहे.” पांढरा धूर म्हणजे डिझेल आत पोचतंय पण जळत नाही. सेल्फ मारताना धूरच नसता, तर डिझेल पोचत नाही किंवा लायनीने हवा धरलीय, असं बघावं लागलं असतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून जी उष्णता होते तिच्यावर डिझेल पेटतं, आणि आमच्या जुन्या धाटणीच्या इंजिनाला थंडीत हीटर प्लगची, म्हणजे विजेवर तापून आतली हवा गरम करणाऱ्या कांडीची, मदत लागतेच. गाडी घेऊन आलो तेव्हा तुम्ही प्लगांवरची जोडपट्टी काढलीत, इंडिकेटरचा बल्ब मध्ये घेऊन बॅटरीच्या प्लसची वायर एकेका प्लगला लावलीत. चारपैकी दोनांवर बल्ब पेटला, दोनांवर नाही. तेच दोन बदलले.

आणि त्याआधी फोनवरच तुम्ही मला एक गोष्ट बजावली होती. मला कुणीतरी एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंगचा स्प्रे मारायला सांगितलं होतं, डबा आणूनही ठेवला होता. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो मारायचा नाही, तापलेल्या प्लगवर वाटेतच भडका उडतो, असं तुम्ही आवाज चढवून म्हणालात. त्या रागाबद्दलही आभार, काका. मी दुसऱ्या दिवशी पहाटे तो मारणारच होतो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मीही एक मीटर घेतलाय. गेल्या आठवड्यात शेजारच्या पोल्ट्रीवाल्या दादांची पिकअप अशीच रडत होती. ते नवी बॅटरी आणायला निघाले होते, त्यांना थांबवलं. त्यांच्याकडे मायनसची बाजू चांगली निघाली, पण प्लसच्या वाटेत १.२ व्होल्ट जात होते. खुंटावरचं टर्मिनल आतून पांढरं झालं होतं. गरम पाण्याने धुऊन, घासून बसवलं. त्यांनी मला चहा पाजला. तो चहा तुमचा आहे.

काल रात्री गाडी अंगणात, तुळशीसमोर सपाटीवर लावली. अण्णा सवयीने दगड घेऊन आले, चाकाशी वाकले आणि तसेच उभे राहिले. मग तो दगड त्यांनी नेऊन विहिरीच्या कडेला ठेवला. सकाळी गाडी पहिल्या चावीला उचलली तेव्हा आई चुलीपाशीच होती, उठली नाही. नुसतं “निघालास का?” म्हणाली.

तिने निरोप दिलाय की शेतात हुरडा आलाय. येत्या रविवारी काकूंना घेऊन या. दुकान दुपारपर्यंत बंद ठेवावं लागेल, हे मला कळतं, तरी या. न्यायला मी गाडी घेऊन येतो.

तुमचा,
ओतूरकडचा टोमॅटोवाला