बाबा, तुम्ही तुरीच्या मराबद्दल विचारलंत ना

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर काही नीट बोलणं होतच नाही, तुमच्याकडे रेंज जाते नाहीतर इकडे कुणीतरी हाक मारतं, म्हणून सरळ टाईप करून दादाच्या मोबाईलवर पाठवतेय, त्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि मधली पानं गाळू नको म्हणावं.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत की तुरीचा सगळा जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, वाचून झाला म्हणता मग आमच्या रानातला झाडं वाळवणारा मर रोग अजून का जात नाही, आणि नेमका तेव्हाच फोन कट झाला. प्रश्न एकदम बरोबर आहे. वाचून झालाय हे खरंच, 2011 साली झाला, आणि वाचला तो पण आपण पेरायचो त्या आशा वाणाचाच. इक्रिसॅटच्या, म्हणजे मी काम करते त्या हैदराबादजवळच्या संशोधन संस्थेच्या, पुढाकाराने, बऱ्याच देशांतल्या लोकांनी मिळून केलेलं काम होतं ते. 48,680 जीन असतील असा अंदाज निघाला. पण त्याने काय झालं तर यादी मिळाली, त्यातला मराला अडवणारा कोणता हे यादीत कुणी लिहून ठेवलेलं नसतं ना. ते शोधायचं तर हजारो झाडं बघावी लागतात, कुठलं मेलं कुठलं तगलं, आणि मग त्यांचा डीएनए काढून ताडून बघायचं. म्हणजे मशीनपेक्षा माणसंच जास्त लागतात. तुम्हाला वाटतं मी एसीत कॉम्प्युटरपुढे बसते, बसते पण, पण माझ्या कॉम्प्युटरवर जे येतं ते कुणाकुणाच्या हातातून येतं ते एकदा सांगायचंच होतं.

इथे एक रान आहे ते मुद्दाम आजारी ठेवलंय. सिक प्लॉट म्हणतात त्याला. मर लागून वाळलेल्या तुराट्या आपण बांधावर नेऊन जाळतो, इथे त्याच बारीक तोडून परत मातीत घालतात, दरवर्षी, म्हणजे मराची बुरशी जमिनीत मुरलेलीच राहिली पाहिजे. आणि मधेमधे मराला हमखास बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी पेरतात, त्या मेल्या की समजायचं रान अजून पुरेसं आजारी आहे! बाबा तुम्ही बघितलंत तर कपाळाला हात लावाल. पण अशा रानात जे झाड शेवटपर्यंत हिरवं राहील तेच खरं, बाकी सगळं बोलायच्या गोष्टी.

त्या रानात एक अण्णा आहेत, फिल्ड असिस्टंट. झाड वरून हिरवंगार दिसत असतं, हे वाकून खोडाचा बुंधा बघतात, जमिनीपासून वर एक जांभळट पट्टा चढलेला असतो तो आम्हाला दाखवल्याशिवाय दिसत पण नाही, मग चाकूने खोड उभं चिरतात, आत काळी रेघ. आठवड्याभरात जाणार म्हणतात आणि जातंच. ते ओळीओळीने मोजतात, किती उगवली, किती मेली, वहीत लिहितात, आणि ते आकडे माझ्याकडे येतात. त्यांनी एक ओळ चुकीची मोजली तर माझं पुढचं सगळं गणित कचऱ्यात, कितीही भारी सॉफ्टवेअर असू दे. पण आमच्या क्षेत्रात रीतच अशी पडलीय की शोधनिबंधावर नाव येतं ते माझ्यासारखीचं, फार तर शेवटी एका ओळीत आभार. मला हे पटत नाही, जगभर असंच चालतं म्हणून बरोबर होत नाही.

आई, आता हे तुला आवडेल. वांझ रोग माहितीय ना तुला, झाड फोफावतं नुसतं, पानं फिकी पडतात आणि फूलच लागत नाही. तो विषाणूमुळे होतो, आणि विषाणू पसरवतो एक कोळी, इतका बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. मग रोगापुढे टिकणारं वाण कोणतं हे तपासायला तो कोळी रोपावर सोडायचा कसा? त्याला पकडणार कोण? तर इथल्या अक्का, पटनचेरूच्या आसपासच्या गावांतल्या बायका, रोगट झाडाचं पान घेतात, दोन पानांच्या कोवळ्या रोपाच्या पानावर घडी घालून ठेवतात आणि चक्क स्टेपलरने टाचतात! आपल्या किराणा दुकानात बिलाला मारतात तोच स्टेपलर. पान सुकायला लागलं की कोळी आपणहून ताज्या पानावर जातो. ही युक्ती 1976 साली इथल्याच नेने आणि रेड्डी या शास्त्रज्ञांनी छापून जाहीर केली आणि अजून तीच चालते. अक्का गप्पा मारत मारत ट्रे च्या ट्रे टाचून टाकतात आणि मी केलं की पिन देठात जाऊन रोप मोडतं, मग सगळ्याजणी हसतात आणि तेलुगूत काहीतरी बोलतात ते मला आता थोडंथोडं समजायला लागलंय.

संकर करायला पण त्याच. उमलायच्या आदल्या दिवशीची कळी चिमट्याने उघडायची, आतले दहा पुंकेसर काढायचे, मधल्या स्त्रीकेसराला धक्का न लावता, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, दोरा बांधायचा. आणि एवढं करून बहुतेक फुलं गळूनच जातात. वर तूर वर्षातून एकदाच, सहा महिने रानात उभी. आता लवकर फुलवायच्या पद्धती आल्यात पण तरी, उशीर का होतो याचं निम्मं उत्तर एवढंच आहे बाबा. उरलेलं निम्मं त्या बुरशीत, ती पण सगळीकडे सारखी नाही, इकडे टिकलेलं वाण तिकडे मान टाकतं.

लॅबमधलं थोडक्यात सांगते. पान लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून खलबत्त्यात कुटायचं, 65 डिग्रीला ठेवायचं, क्लोरोफॉर्म घालून फिरवायचं (आई, हातमोजे घालते, आणि ते काम वेगळ्या कपाटाखाली होतं जिथे वाफ वर ओढून घेतात, काळजी करू नको), शेवटी पांढरा धागा तरंगतो तो डीएनए. दोनचारशे नमुने झाले की त्यात मजा राहत नाही, पाठ दुखते फक्त. हे काढणारी मुलं बहुतेक प्रोजेक्टवरची, प्रोजेक्ट संपला की पुढे काय हा विषय जेवताना रोजचा. एक इथिओपियाचा पीएचडीवाला आहे, हरभऱ्यावर काम करतो, त्यांच्याकडे हरभऱ्याच्या पिठाचं शिरो करतात, त्याला मी पिठलं खाऊ घातलं तर म्हणाला मसाला कमी आहे! आणि डेटा बघणारा एकजण आहे, हुशार एकदम, पण वर्षभर तुरीचे आकडे हलवून त्याने तुरीचं झाड पाहिलंच नव्हतं, अण्णांनीच एक दिवस धरून रानात नेलं.

आणि काहीच निघत नाही असं नाही हां. अन्नेगिरी हरभरा तुम्ही पेरायचा, त्याला मर लागायचा. मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ओळखीच्या खुणा, वापरून डब्ल्यूआर 315 नावाच्या वाणातला मराचा प्रतिकार त्यात आणला, रायचूरच्या कृषी विद्यापीठासोबत, आणि 2019 मध्ये सुपर अन्नेगिरी 1 आलं. तुरीत पण होईल, फक्त हरभऱ्याइतकं पटकन नाही.

आता कामाचं. दिवाळी झाली की दोघं या, तेव्हा तूर फुलात असते आणि मर पण तेव्हाच नीट दिसतो. उदगीरहून हैदराबादची एसटी बीदर-जहीराबादवरून येते, पटनचेरूलाच उतरा, पुढे शहरात जाऊ नका, मी घ्यायला येते. येताना मर लागलेली तीनचार झाडं मुळासकट उपटून वर्तमानपत्रात गुंडाळून आणा, मी पॅथॉलॉजीवाल्यांना विचारून ठेवलंय, ते हो म्हणालेत. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, घाम सुटून सडतात. आणि कुठल्या रानातली, मागच्या वर्षी तिथे काय होतं, हे चिठ्ठीवर लिहा, तुमच्याच अक्षरात, दादाच्या नको, त्याचं वाचता येत नाही.

तुमची,
धाकटी